साठलेल्या फायली मार्गी लावताना

संगणक बदलला की जुन्या डिस्कवरचे सर्व काही एका फोल्डरमध्ये ओतायचे, त्याला ‘जुना संगणक’ असे नाव द्यायचे आणि सवडीने पाहू म्हणून तो तसाच ठेवायचा, ही पद्धत बहुतेकांच्या परिचयाची असेल. माझ्या संगणकात असा एक फोल्डर होता, त्याच्या आत त्याआधीच्या संगणकाचा त्याच नावाचा दुसरा होता, आणि त्या दुसऱ्याच्या पोटात पेन ड्राइव्हवरून, मोबाइलमधून आणि ईमेलमधून वेळोवेळी उतरवून घेतलेल्या फायलींचे कितीतरी गठ्ठे होते. त्यांत कुटुंबाची छायाचित्रे होती, स्कॅन केलेली कागदपत्रे होती, माझे अर्धेमुर्धे लेखन होते आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन दुरुस्त’ अशा नावांच्या, एकाच मजकुराच्या अनेक आवृत्त्या होत्या. डिस्क भरत आल्याची सूचना वारंवार येऊ लागली तेव्हा मोठी डिस्क विकत घेणे हा सोपा मार्ग समोर होता. पण हवा असलेला कागद वेळेवर सापडत नाही ही खरी अडचण होती आणि ती मोठ्या डिस्कने सुटणारी नव्हती. म्हणून हा साठा एकदा नीट मार्गी लावायचे मी ठरवले. त्या कामात कोणती साधने आणि कोणत्या कळा उपयोगी पडल्या आणि त्या का उपयोगी पडल्या, ते येथे सांगते. माझा संगणक विंडोजवर चालतो, त्यामुळे उदाहरणेही तिथलीच आहेत.

काम सुरू करण्याआधी संपूर्ण साठ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवली. रीसायकल बिन आहेच, मग एवढी खबरदारी कशाला, असे वाटू शकते. परंतु बिनची क्षमता ठरावीक असते, पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा त्यात जातच नाही, आणि शिफ्ट दाबून डिलीट केले तर बिनला वळसा घालून फाइल थेट नाहीशी होते. शेकडो फायली एका वेळी हलवण्याच्या कामात या तीनही गोष्टी घडण्याचा संभव असतो. शिवाय, सगळे पाहून, नावे देऊन आणि जुळवून होईपर्यंत एकही फाइल पुसायची नाही, असा क्रम मी लावून घेतला.

पहिला प्रश्न होता जागा नेमकी कशाने व्यापली आहे हा. त्यासाठी विझट्री हे साधन वापरले. डिस्कवरील प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या प्रमाणात लहानमोठ्या आयतांत दाखवणारा एक नकाशा ते काढते. या नकाशाची कल्पना मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांची, आणि तिचा उगम नेमका माझ्यासारख्याच अडचणीत आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. त्यांच्या प्रयोगशाळेत चौदा जण मिळून वापरत असलेली ८० मेगाबाइटची डिस्क भरून गेली होती आणि जागा कोणी अडवली आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसावे म्हणून १९९० मध्ये त्यांनी ही मांडणी शोधून काढली. माझ्या नकाशात पहिल्याच नजरेत कळले की ज्या कागदपत्रांवर आणि लेखनावर मी जागेचा आळ घेत होते, ती सगळी मिळून एका कोपऱ्यात मावत होती; खरी जागा व्हिडिओंनी आणि मोबाइलच्या जुन्या बॅकअपांनी घेतली होती. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरचे आयतही बरेच मोठे दिसतात, पण तेथे हाताने काहीही पुसू नये. त्यातील विनएसएक्सएस या फोल्डरमधील पुष्कळ फायली एकच मजकूर दोन ठिकाणी दाखवणाऱ्या दुव्यांच्या स्वरूपात असतात, त्यामुळे त्याचा दिसणारा आकार प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेपेक्षा जास्त भरू शकतो. सेटिंग्जमध्ये स्टोरेज या विभागात तात्पुरत्या फायली साफ करण्याची सोय आहे, तिच्यावर भिस्त ठेवणे हेच योग्य.

यानंतरचे साधन मात्र असे निघाले की आता त्याच्यावाचून संगणक वापरण्याची कल्पना मला करवत नाही. त्याचे नाव एव्हरीथिंग. माझ्या एका सहकाऱ्याने ते सुचवले तेव्हा विंडोजमध्ये शोधपट्टी असताना आणखी एक कशासाठी, असे मी विचारले होते. फरक कामाच्या पद्धतीत आहे. विंडोजच्या डिस्कवर साधारणपणे एनटीएफएस ही रचना असते आणि तीत प्रत्येक फाइलची नोंद असलेला एक मुख्य तक्ता असतो. एव्हरीथिंग एकेका फोल्डरात शिरून पाहत बसत नाही, तर थेट तो तक्ताच वाचून घेते. पुढे डिस्कवर होणाऱ्या बदलांची जी नोंदवही विंडोज स्वतः ठेवत असते, तिच्या आधारे आपली यादी अद्ययावत राखते. म्हणून नावातील दोन अक्षरे टाइप होताच संपूर्ण डिस्कवरील जुळणाऱ्या फायली समोर येतात. विंडोजची स्वतःची शोधसोय मजकुराच्या आतही पाहते, पण मूळ रचनेत ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा मोजक्याच जागांची अनुक्रमणी ठेवते, आणि माझा साठा त्या जागांच्या बाहेर होता.

एव्हरीथिंगची खरी ताकद अटी जोडण्यात आहे. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली तर दोन्ही शब्द असलेल्या फायली मिळतात, मध्ये उभी रेघ घातली तर दोहोंपैकी एक असलेल्या, आणि शब्दाआधी उद्गारचिन्ह दिले तर तो शब्द नसलेल्या. फाइलचा प्रकार, आकार आणि बदलाची तारीख यांच्याही अटी घालता येतात. मराठी माणसाला उभ्या रेघेचे मोल अधिक कळेल, कारण आपल्याकडे एकच ‘पत्र’ कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत दोन-तीन वेगवेगळ्या वर्णलेखनांनी आणि कधी सरळ इंग्रजी शब्दाने साठवलेले असते. ती सगळी रूपे रेघेने जोडून दिली आणि अमुक वर्षात बदललेल्या पीडीएफ फायली एवढीच अट घातली की जो कागद शोधण्यात संध्याकाळ गेली असती तो लगेच समोर येत असे. मूळ रचनेत हे साधन केवळ नावे शोधते, आत काय लिहिले आहे ते पाहत नाही; त्यामुळे फायलींना अर्थपूर्ण नावे देणे हे पुढचे काम आपोआप ठरले.

अशी साधने कोठून घ्यावीत याबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. शोधयंत्रात साधनाचे नाव टाकले की वर दिसणारे दुवे नेहमी मूळ निर्मात्याचे असतातच असे नाही, आणि मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणामागे पुष्कळदा भलतेच काही असते. मी प्रत्येक साधन निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा साधने उतरवून बसवणाऱ्या, विंडोजमधील विनगेट या आज्ञेने घेतले, आणि जेथे स्थापना न करता चालणारी पोर्टेबल आवृत्ती उपलब्ध होती तेथे तीच निवडली.

नावे बदलण्याच्या कामात कळांचे महत्त्व मला पटले. त्याआधी शॉर्टकटांच्या लांबलचक याद्या मी वाचल्या होत्या आणि त्यांतले काहीही लक्षात राहिले नव्हते, कारण यादीतील कळेला काम चिकटलेले नसते. या वेळी काम समोर होते आणि कळ त्याच्यासाठी शोधायची होती. फाइलवर राइट-क्लिक करून नाव बदलण्याचा पर्याय निवडायचा, हीच हालचाल हजार वेळा करायची वेळ आली तेव्हा एफ-२ ही कळ शिकण्याचे वेगळे कष्ट पडले नाहीत. एफ-२ दाबले की बिंदूच्या आधीचे नाव तेवढे निवडले जाते, मागचा प्रकारदर्शक भाग शाबूत राहतो. आणि नवे नाव लिहून एंटरऐवजी टॅब दाबली तर पुढची फाइल आपोआप नाव बदलण्यासाठी उघडते. ही टॅबची सोय विंडोजमध्ये कितीतरी वर्षे आहे, पण ती ठाऊक असलेली माणसे मला क्वचितच भेटली आहेत. त्याच ओघात कंट्रोल-शिफ्ट-एनने नवे फोल्डर, ऑल्ट आणि वरच्या बाणाने एक पायरी वर, ऑल्ट-एंटरने फाइलचा तपशील, आणि विंडोज कळेसह डाव्या-उजव्या बाणाने दोन खिडक्या शेजारीशेजारी, एवढ्या कळा हाताला बसल्या. मी एका वेळी एकच कळ घेत असे, ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला लावत असे, आणि न पाहता बोट तिच्यावर जाऊ लागले की मगच चिठ्ठी बदलत असे. त्याहून मोलाची ठरली कंट्रोल-झेड. लिहिताना ती सगळेच वापरतात. पण फोल्डरच्या खिडकीतही ती चालते आणि केलेले नामांतर किंवा हलवाहलव परत फिरवते, हे कळल्यावर मोठे फेरफार करताना वाटणारी धास्ती बरीच कमी झाली.

एकेक नाव हाताने बदलण्याला मर्यादा असते. तेथे पॉवरटॉइजमधील पॉवररीनेम हे साधन घेतले. पॉवरटॉइज हा विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचा संच मूळचा विंडोज ९५ च्या काळातला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तो नव्याने आणि मुक्त स्रोत स्वरूपात सुरू केला. फायली निवडायच्या, राइट-क्लिक करून हे साधन उघडायचे, नावातील काय शोधायचे आणि त्याजागी काय घालायचे ते लिहायचे. जुने आणि नवे नाव शेजारीशेजारी दिसते आणि ते पाहूनच मान्यता द्यायची. मी सर्व कागदपत्रांची नावे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू केली आणि एक अंकी महिन्याआधी शून्य ठेवले, कारण असे केले की नावांची वर्णानुक्रमाने लागलेली यादी हीच कालानुक्रमाची यादी होते. आयएसओ ८६०१ हे १९८८ मधील आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगते. आधीच्या नावांत दिवस आधी आणि वर्ष शेवटी होते; पण रेग्युलर एक्सप्रेशनचा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना चिन्हांनी सांगण्याचा, पर्याय निवडून तारखेचे तीन भाग कंसांत वेगळे पकडले आणि उलट क्रमाने मांडले, की शेकडो नावे एका आज्ञेत सरळ झाली. रेग्युलर एक्सप्रेशन हे नाव भीतिदायक वाटते, परंतु या कामापुरते त्याचे जे चार नियम लागतात ते तासाभरात शिकता येतात, आणि त्या तासाची परतफेड पुढे आयुष्यभर होत राहते.

छायाचित्रांची गोष्ट निराळी निघाली. फाइलची निर्मितीची तारीख विश्वासार्ह असेल असे कोणालाही वाटेल, परंतु फाइल एका डिस्कवरून दुसरीकडे नकलली की निर्मितीची तारीख त्या नकलेची होते, आणि बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. म्हणजे ‘निर्माण’ हे ‘बदल’ याच्या नंतरचे, असा विचित्र प्रकार दिसतो. छायाचित्र प्रत्यक्ष काढल्याची वेळ कॅमेरा फाइलच्या आत एक्झिफ नोंदीत लिहितो आणि ती नकलेने बदलत नाही. ती वाचून त्यानुसार नाव देण्यासाठी एक्झिफटूल हे साधन घेतले. त्याला खिडक्या-बटणे नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. तरीही दहा वर्षांपूर्वीच्या सहलीची छायाचित्रे आपापल्या दिवसाला जाऊन बसताना पाहिल्यावर ते कष्ट जाणवले नाहीत. मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेल्या छायाचित्रांत मात्र ही नोंद बहुधा गाळलेली असते, त्यामुळे ती एका वेगळ्या फोल्डरात ठेवून अंदाजाने केवळ वर्ष लिहिले.

आता एकाच फाइलच्या अनेक प्रती शोधणे शक्य झाले. त्यासाठी ड्यूपगुरू हे मुक्त साधन वापरले. नावे सारखी आहेत की नाहीत यावर ते विसंबत नाही. आकारच वेगळा असेल तर मजकूर सारखा असणे शक्य नाही, म्हणून आधी आकार जुळणाऱ्या फायली वेगळ्या काढल्या जातात आणि मग त्यांच्या आतील मजकुरावरून काढलेली हॅश ही संख्या ताडून पाहिली जाते. एकही अक्षर इकडचे तिकडे असेल तर ही संख्या पूर्णपणे बदलते. या साधनातील सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे एखादे फोल्डर ‘संदर्भ’ म्हणून नेमता येते आणि मग त्यातील फायली पुसण्यासाठी सुचवल्याच जात नाहीत. मी नीट लावलेला साठा संदर्भ ठरवला आणि जुन्या गठ्ठ्यांतील त्याच्या प्रती पुढे पुसण्यासाठी मोकळ्या मनाने वेगळ्या काढता आल्या.

‘अंतिम’ नावाच्या आवृत्त्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण एका स्वल्पविरामाचा फरक असला तरी त्या वेगळ्याच फायली असतात. त्यांच्यासाठी वर्डमधील आणि लिबरऑफिसमधील दोन दस्तऐवज ताडून पाहण्याची सोय वापरली. ती फरक रंगवून दाखवते. पुष्कळ ठिकाणी नावाप्रमाणे ‘दुरुस्त’ असलेल्या प्रतीत एखादा चांगला परिच्छेद गळलेला दिसला, आणि आधीची प्रत ठेवावी असे ठरले. हा निर्णय साधनाने घेण्यासारखा नव्हे. त्याने फरक दाखवावा आणि निवड आपण करावी.

स्कॅन केलेल्या कागदांचा भाग मला सर्वांत जास्त आवडला. स्कॅन म्हणजे मुळात चित्र. त्यात शब्द शोधता येत नाहीत. नॅप्स-२ या साधनाने चित्रातील अक्षरे ओळखून पीडीएफच्या पानामागे मजकुराचा अदृश्य थर घालता येतो. त्याच्या पोटात टेसरॅक्ट नावाचे इंजिन आहे. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ मध्ये मुक्त झाले आणि २००६ पासून कित्येक वर्षे गूगलच्या पाठबळावर वाढले. मराठीसाठीचा संच त्यात वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि ज्या कागदावर दोन भाषा आहेत तेथे दोन्ही निवडाव्या लागतात. इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात केलेल्या स्वच्छ स्कॅनवर छापील मराठी चांगली ओळखली गेली; फिकट झेरॉक्सवर जोडाक्षरे बिघडली, आणि अंकांत चुका राहतात हे लक्षात आल्यावर क्रमांक व रकमा मी नेहमी मूळ चित्रावरूनच घेतल्या. असे असूनही, एखाद्या करारातील एका शब्दावरून तो करारच सापडणे ही सोय फार मोठी आहे.

या कागदांची एक सूची तयार करताना क्लिपबोर्डच्या इतिहासाचा उपयोग झाला. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधील आवृत्तीपासून विंडोज-व्ही दाबले की नकललेल्या अलीकडच्या पंचवीसपर्यंत नोंदी दिसतात. पहिल्या वेळी ती सोय चालू करून घ्यावी लागते. कागदाचा क्रमांक, दिनांक आणि विषय अशा तिन्ही गोष्टी ओळीने नकलून घ्यायच्या आणि मग सूचीत एकामागून एक उतरवायच्या, एवढ्याने दोन खिडक्यांमधली ये-जा एकतृतीयांशावर आली. पुन्हा पुन्हा लागणारी नोंद पिन करून ठेवली तर संगणक बंद करून चालू केल्यावरही ती टिकते. मात्र पासवर्डही नकलला की या इतिहासात दिसू शकतो, म्हणून पासवर्ड मी कीपास या पासवर्ड जपून ठेवणाऱ्या साधनातूनच वापरते. ते काही सेकंदांत क्लिपबोर्ड पुसून टाकते.

एवढे झाल्यावर पुसण्याची पाळी आली, आणि तिला सर्वांत कमी वेळ लागला. ओळखपत्रे आणि तत्सम कागद सेव्हन-झिप या फायली एका गठ्ठ्यात आवळणाऱ्या साधनाने, पासवर्डशिवाय उघडणार नाहीत असे, संकेतबद्ध केले. तेथे सेव्हन-झेड हा प्रकार निवडून फायलींची नावेही झाकण्याच्या पर्यायावर खूण करावी लागते. नाहीतर मजकूर झाकला जातो, पण नावे कोणालाही वाचता येतात. पुढच्या बॅकअपसाठी फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डर एकमेकांशी जुळवून ठेवणारे साधन ठेवले आहे. त्यातील ‘आरसा’ पद्धत वापरताना जपावे लागते, कारण मूळ जागी जे पुसले गेले ते ती प्रतीतूनही पुसते. म्हणून पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात राखण्याचा पर्याय मी चालू ठेवला आहे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, हा बॅकअपचा प्रचलित नियम पाळते, आणि अधूनमधून प्रतीतील चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहते.

एक गठ्ठा अजून शिल्लक आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत रुळण्यापूर्वी निरनिराळ्या मराठी फॉन्टांत टाइप केलेले लेखन तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसते, आणि त्यात शोधही चालत नाही. ज्या फॉन्टांची परिवर्तके मिळाली ते लेखन युनिकोडमध्ये आले आहे. ज्यांची मिळाली नाहीत त्यांच्यासाठी जुन्या डिस्कवरून तो फॉन्ट शोधून काढते, त्यात फाइल उघडून पानांची चित्रे करते आणि ती पुन्हा टेसरॅक्टमधून वाचून घेते. नंतरचे मुद्रितशोधन हातानेच करावे लागते, त्यामुळे हे काम सावकाश, सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे, असे चालू आहे.